चाक टेकलेलं असू द्या

गाडी सावलीत उभी करा, इंजिन बंद करा आणि मगच डोळे मिटा. हे मनन चालत्या गाडीत करायचं नाही.

पाठ सीटला टेकवा. श्वास आपला आपण येऊ-जाऊ द्या. आता लक्ष सीटखाली न्या. चार कोपऱ्यांत चार स्प्रिंगा, भारी गाड्यांत हवेच्या पिशव्या, आणि त्यांच्या जोडीला चार शॉकॉप. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकॉप हालचाल शमवतो. चाक वर आलं की शॉकॉपच्या आतलं तेल अरुंद वाटांतून पलीकडे ढकललं जातं आणि दणक्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. इलेक्ट्रॉनिक शॉकॉपमध्ये या वाटेवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवतात. सेन्सर सांगतात, संगणक क्षणोक्षणी वाट कमी-जास्त करतो. ‘कम्फर्ट’ किंवा ‘स्पोर्ट’चं बटण त्याला फक्त कल देतं.

अशी गाडी पुणेकराला आता लांबची नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये मर्सिडीजची एएमजी जीएलसी 43 कूपे पुण्याजवळच्या चाकणला जुळवली जाऊ लागली.

मनातल्या मनात जंगली महाराज रस्त्यावर या. 1970च्या दशकात दहा वर्षांच्या हमीने बांधलेला, पुण्यात खड्ड्यांचा विषय निघाला की हटकून आठवणारा रस्ता. इथे दोन हालचाली वेगवेगळ्या ओळखा. गाडीचं अंग सेकंदाला एक-दीड वेळा सावकाश डुलतं, चालणाऱ्या माणसाच्या पावलांहूनही जरा संथ. चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं. अंग शांत ठेवायला शॉकॉप कडक हवा, चाकाला रस्त्याची प्रत्येक खोच धरायला तो मऊ हवा. ही ओढाताण नीट जाणवेपर्यंत इथेच रेंगाळा. सस्पेन्शन लावणाऱ्याचं सगळं कसब तिच्यातच आहे.

1974 मध्ये अभियंते डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेचावर एक कल्पना मांडली: शॉकॉपचं एक टोक गाडीच्या अंगालाच आहे, पण दुसरं चाकाऐवजी आकाशाला टांगलं आहे असं समजा. ते चित्र डोळ्यांपुढे आणा. खाली चाकं वरखाली होताहेत, वर तुम्ही निश्चल. आकाशात खुंटी नाही, म्हणून संगणक व्हॉल्व्ह हलवून जमेल तितका तोच परिणाम साधतो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

आता एखाद्या पेठेतल्या गल्लीत वळा. ताशी 25 किलोमीटरने पार करायचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, असं भारतीय मानक सांगतं. गल्लीतला उंचवटा पुष्कळदा याहून आखूड आणि उभा असतो. पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. शॉकॉप कडक असेल तर दणका थेट कण्यात जातो आणि चाक क्षणभर जमीन सोडतं. हवेतलं चाक ब्रेक लावू शकत नाही, वळवूही शकत नाही. म्हणून शहरात ‘स्पोर्ट’ला वेगवान म्हणणं मला मान्य नाही. इथे मऊ गाडीच रस्ता घट्ट धरते.

शेवटी जुन्या कात्रज घाटात चला. लांब वळण, वजन बाहेरच्या चाकांवर सरकतंय. गाडी किती कलेल हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. ती किती झपकन कलेल, हे शॉकॉपच्या हाती. लागोपाठच्या उलटसुलट वळणांत थोडा कडकपणा कामाला येतो तो याचसाठी, आणि तोही डांबर गुळगुळीत असेल तर.

डोळे उघडा. कुठलंही बटण दाबण्याआधी, टायर थंड असताना, हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी आहे का ते बघा. मग तोच रस्ता, तोच वेग ठेवा आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. कात्रज येईपर्यंत मोड कम्फर्टवरच असू द्या.