सांगणारं कोण?

पहिली कादंबरी लिहायची इच्छा असलेली मुलं भेटली की विचारतात, विषय कोणता घेऊ? आमच्या आदिलाबादकडच्या तामसीच्या भागात विषयांना तोटा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले आणि पैनगंगेच्या अलीकडची आमची गावं तेलुगू राज्यात राहिली. सोयरीक पलीकडं, जमिनीचं पट्टा पासबुक अलीकडं. घरात मराठी, शाळेत तेलुगू, आठवडी बाजारात गोंडी कानावर. २०१४ मध्ये राज्याचं नाव पुन्हा बदललं. एवढं सगळं समोर असताना मुलं विषय शोधत फिरतात आणि कादंबरी काही पुढं सरकत नाही. माझं म्हणणं असं की अडतं ते विषयाशी नाहीच. ही गोष्ट सांगणार कोण, हे ठरलेलं नसतं.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, तेव्हा ते पंचविशीत होते. पंधरवड्यात लिहून काढली असं सांगितलं जातं आणि नवख्या लेखकांना त्या पंधरा दिवसांचीच भुरळ पडते. पण खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला आणि रिकाम्या हातानं परतलेला मुलगा हा काही नवा विषय नव्हता. नवा होता तो पांडुरंग सांगवीकर, त्याचं बोलणं, त्याचं थांबणं, कशाचंही कौतुक न वाटण्याची त्याची रीत. तो बोलू लागल्यावर पंधरा दिवस पुरत असतील. तो सापडेपर्यंत लेखकाची किती वर्षं गेली, याचा हिशोब कुणी विचारत नाही.

मला याहून जवळचं उदाहरण रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’चं वाटतं. लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे बोराडे आधी कथा लिहायचे. ‘पाचोळा’ ही त्यांची पहिली कादंबरी, १९७१ ची. गावातल्या एका शिंप्याची वाताहत हा तिचा विषय. ती कादंबरी शिंपी सांगत नाही, गाव सांगत नाही, शिकलेला लेखकही सांगत नाही. शिंप्याची बायको सांगते, मराठवाड्याच्या बोलीत. नवऱ्याचा ताठा तिला दिसतो, त्याचा शेवट काय होणार हेही तिला कळतं, आणि तरी तिच्या हातात काही नसतं. हीच हकीकत लेखकानं स्वतःच्या तोंडून सांगितली असती तर ती गावावरचं भाष्य झाली असती. बाईच्या तोंडी दिली म्हणून तो संसार झाला.

पन्नास वर्षांनी त्याच मराठवाड्यातून, तुळजापूरहून, पुन्हा एका शिंप्याची कादंबरी आली. देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. या वेळी लिहिणारा स्वतःच शिलाई मशीनवर बसणारा आहे, आणि रेडिमेड कपड्यांनी त्याचं गिऱ्हाईक नेलं आहे. धंदा तोच, पण सांगणारा बदलला आणि दुःखाची जागाही बदलली.

लिहिण्याच्या सवयींबद्दल जे सल्ले दिले जातात, पहाटे उठा, रोज इतके शब्द लिहा, ते ज्याची पहाट त्याच्या मालकीची आहे त्याच्यासाठी ठीक. मशीनवर किंवा वावरात दिवस जाणाऱ्या माणसाचं लिखाण हात चालू असतानाच होत असतं, कागदावर ते रात्री उतरतं. आमच्याकडं आणखी एक अडचण आहे. मराठी घरातली कितीतरी मुलं मराठी अस्खलित बोलतात, पण शाळा तेलुगू किंवा इंग्रजी असल्यानं देवनागरी लिहिताना अडखळतात. त्यांना मी सांगतो, मोबाईलवर बोलून ठेवा. आजीला बोलतं करा, तेही साठवा. लिहिणं मागाहून होईल, पण आवाज एकदा गेला की कुठून आणणार?

सांगणारा बदलला की गोष्ट कशी बदलते, हे बघायला कापसाचंच घ्या. वेचणीची मजुरी किलोवर. सकाळी दवानं भिजलेला कापूस वजनाला जड भरतो, उन्हं चढली की हलका होतो. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला लागून बोटं चिरतात, तरी बाई पहाटेच वावरात शिरते, कारण दवाचं वजन तिच्या पदरात पडतं. मग तोच कापूस आदिलाबादच्या मार्केट यार्डात जातो आणि त्यात ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं जातं. कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत भाव कापून, त्यापुढं गाडी परत. जे दव बाईला चार पैसे देतं, तेच शेतकऱ्याचे पैसे कापतं. मजूर बाईनं सांगितली तर ही एक कादंबरी आहे, शेतकऱ्याच्या मुलानं सांगितली तर दुसरी, आणि यार्डातल्या हमालानं सांगितली तर तिसरी. शेतकऱ्याची व्यथा असा विषय धरून बसलेल्याला यातली एकही दिसत नाही.

पोटापाण्याचंही आधीच सांगून ठेवलं पाहिजे. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांना ‘फेसाटी’ या पहिल्याच कादंबरीसाठी २०१८ चा युवा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी टाळेबंदीत तासिका तत्त्वावरची नोकरी गेली आणि त्यांना मजुरीला जावं लागलं. मराठी वाचकांनी याची लाज वाटून घ्यायला हवी, आणि लिहिणाऱ्यानं हे माहीत असूनही लिहावं. कादंबरी घर चालवील या भरवशावर हातातलं काम मात्र सोडू नये. त्या कामातच तर सांगणारा भेटतो.

छापण्याची घाई नको. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’ हे नियतकालिक आहे, एखादं प्रकरण तिथं पाठवून बघता येईल. पण त्याच्याही आधी ते प्रकरण वेचणीला जाणाऱ्या एखाद्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवावं. ती मध्येच म्हणेल, असं कुणी बोलत नाही बाबा. वाद घालू नये. मग कसं बोलतात, ते तिलाच विचारावं आणि ते पान तिथल्या तिथं पुन्हा लिहावं.