रिकाम्या रकान्याचा पुरावा

एखादी गोष्ट कागदावर नाही, म्हणून ती मुळात नाहीच, असा निष्कर्ष काढायचा अधिकार आपल्याला कधी मिळतो? प्रश्न जुना आहे. आपल्या दर्शनकारांनी तो अभावाच्या ज्ञानाचा प्रश्न म्हणून शतकानुशतकं घासूनपुसून पाहिला. आज धामणगाव रेल्वेच्या तहसील कचेरीपासून पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत तो रोज निकालात निघतो, आणि बऱ्याचदा चुकीचा निघतो, कारण इथे काही प्रश्न आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. नमुना ठरलेला असतो, रकाने छापलेले असतात. जो रकाना भरला गेला नाही, किंवा जो छापलाच गेला नाही, त्याची गोष्ट जगात नव्हती असं धरून पुढचं काम चालू होतं. या धरून चालण्याला ज्ञान म्हणायचं का, हा माझा विषय आहे. तो धर्मविचाराचाही विषय आहे, हे धामणगावच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या इतिहासावरून दिसेल.

आधी सॉफ्टवेअरचं पाहू, कारण तिथे ही क्रिया उघडीवाघडी दिसते. कोणतीही मोठी प्रणाली बांधण्याआधी ती वापरणाऱ्यांच्या गरजा गोळा करतात. त्याला सगळे रिक्वायरमेंट म्हणतात. प्रत्येक गरजेला क्रमांक असतो. तिच्यासोबत ती कुणी मागितली, का मागितली, किती निकडीची आहे, पुरी झाली हे कसं तपासायचं, अशी माहिती जोडलेली असते. २०११ साली आलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या २९१४८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही गरजेचा उगम आणि तिचं कारण यांना स्थान आहे. पण ठेकेदाराला किंवा सरकारी खात्याला हे सगळं वर्डच्या फाइलीत हवं असतं, तेही त्यांच्या टेम्प्लेटमध्ये: त्यांचं बोधचिन्ह, त्यांचे मथळे, त्यांचे तक्ते. मग एक्स्पोर्ट करतात. टेम्प्लेटमध्ये ज्या रकान्यांची नावं घातली तेवढेच रकाने फाइलीत उतरतात, बाकीचे मागे राहतात. पीकपाहणीच्या एखाद्या अ‍ॅपची कल्पना करू. गरज अशी: नेटवर्क नसतानाही नोंद फोनमध्ये साठली पाहिजे. मूळ नोंदीत कारण लिहिलेलं आहे की शिवारात रेंज नसते, आणि शेतकरी तालुक्याच्या बाजाराला येतो तेव्हाच, कधी आठवड्याने, त्याचा फोन जाळ्यात येतो. टेम्प्लेटमध्ये कारणाचा रकाना नव्हता. बांधणाऱ्याने वाक्य वाचलं आणि नोंद एक दिवस साठेल अशी सोय केली. त्याने वाक्य अक्षरशः पाळलं आणि गरज मात्र मारली. आठवड्याचं कारण फाइलीत नव्हतं, म्हणून ते कारण नाहीच असं त्याने मानलं.

आता रिद्धपूर. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी ग्रंथ लिहिला नाही. ते बोलले, आणि प्रत्येक बोलणं कुणाशी तरी, कुठे तरी, काही तरी घडल्यावर झालं. ते निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या आधाराने सराळ्याच्या म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास या आठवणी गोळा केल्या. ज्याच्यासमोर जे घडलं त्याला विचारलं, जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे तो फरकही नोंदला, आणि रिद्धपुरात लीळाचरित्र उभं राहिलं. (मराठी गद्याची ही पहिली मोठी वास्तू. राज्याने मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूर निवडलं यात मला औचित्य वाटतं.) त्यानंतर याच पंथातल्या केसोबासांनी एक वेगळंच काम केलं. त्यांनी लीळांमधून, म्हणजे या नोंदलेल्या प्रसंगांमधून, स्वामींची वचनं तेवढी वेचली आणि विषयवार लावली: आचार, आचारमालिका, विचार, विचारमालिका अशी प्रकरणं पाडली. हा सूत्रपाठ. स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत त्यांनी आणखी एका साच्यात बसवले: वर सूत्र, मध्ये दृष्टांत, खाली त्याचा अर्थ लावणारं दार्ष्टांतिक. त्याचा दृष्टांतपाठ झाला. एकच मूळ संग्रह, त्यातून ठरलेल्या रचनेत काढलेले दोन ग्रंथ. साधकाला पाठ करायला, आचार्याला शिकवायला आणि वादात दाखला द्यायला हे साचे लागत होते, आणि केसोबासांनी ते फार विचाराने बनवले.

पण पंथ इथे थांबला नाही, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही पुढची पायरी. सूत्र प्रसंगातून सुटलं की त्याचा अर्थ सुटू शकतो, हे महानुभावांनी ओळखलं. म्हणून प्रकरणवश नावाची वेगळी रचना झाली, जिचं काम एकच: हे सूत्र कोणत्या प्रसंगी, कुणाला, कशावरून सांगितलं ते दाखवणं. कन्नड आणि तेलंग देशात जाऊ नका, हे स्वामींचं सुप्रसिद्ध वचन घ्या. नुसतं वाचलं तर तो नकाशावरचा मनाई हुकूम वाटतो. त्याचं कारण जवळ ठेवलं, म्हणजे त्या देशांत विषयोपभोगांची रेलचेल आहे आणि ती साधकाच्या वैराग्याला घातक आहे, तर वचनाचा रोख दिशेवर नसून वैराग्यावर आहे हे कळतं. पुढे हाच पंथ पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत गेला. नकाशाच प्रमाण मानणाऱ्याला यात विसंगती दिसेल. कारण ठाऊक असणाऱ्याला निदान विचारता येतं, की त्या प्रदेशात वैराग्य राखता आलं की नाही. सूत्रपाठाने कारण गाळलं म्हणून केसोबासांना दोष देण्यात अर्थ नाही. सूत्रपाठात कारण दिसत नाही म्हणून कारण नव्हतं असं म्हणायची सोय मात्र परंपरेने वाचकाला ठेवली नाही. तिने परतीची वाट बांधून दिली.

या वाटेची गरज का, याचं नेमकं उत्तर मीमांसकांकडे आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं: जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तिथे घडा नाही हे कळतं. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारलं. प्रभाकरांनी नाकारलं आणि नैयायिकांनी अभाव प्रत्यक्षानेच कळतो असं म्हटलं, तो वाद इथे बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती या प्रमाणाला घातलेली अट. न दिसणं हा अभावाचा पुरावा तेव्हाच, जेव्हा ती गोष्ट असती तर दिसलीच असती. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही तर घडा नाही हे सिद्ध होत नाही, खोलीत अंधार आहे एवढंच सिद्ध होतं. या अटीला योग्यता म्हणतात. छापील नमुन्याला ती लावली की निकाल स्पष्ट आहे. नमुन्यात ज्या गोष्टीला जागा आहे, ती विचारली गेली आणि रकाना कोरा राहिला, तर त्या कोरेपणाला काही वजन आहे. ज्या गोष्टीला जागाच नाही, तिच्याबद्दल नमुना मुका आहे, आणि मुक्याच्या गप्प राहण्याला नकार समजणं ही प्रमाणशास्त्रातली चूक आहे.

वऱ्हाडात ही चूक तर्काच्या पुस्तकात राहत नाही. २००५-०६च्या शासन निर्णयांपासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि ठरलेल्या कारणांशी ताडून पाहिलं जातं: नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा. जमिनीचा कागद लागतो. मग पात्र किंवा अपात्र. आता धामणगावच्या आसपासच्या एखाद्या गावातला माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याने तोंडी बोलीवर मक्त्याने शेत केलं, त्याचं नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही. बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललं. लेकीच्या लग्नाला साळ्याकडून पैसे आणले, परवाना नसलेल्या माणसाकडून व्याजाने घेतले. तगादा कागदी नोटिशीने आला नाही, चावडीवर चारचौघांत झालेल्या अपमानाने आला. या माणसाच्या कर्जाला नमुन्यात पुरती जागा नाही. समिती प्रामाणिक असली तरी तिच्यापुढचा कागद कोरा दिसतो आणि शेरा पडतो: अपात्र. मदत नाकारली जाणं हे दुःख आहेच. त्याहून खोल गोष्ट पुढे घडते. अपात्रांची बेरीज होते, ती बेरीज छापून येते, आणि वाचणारे म्हणतात की एवढ्या मृत्यूंचा शेतीशी संबंध नव्हता. अंधाऱ्या खोलीतून घड्यांच्या अभावाची आकडेवारी निघते. मेलेल्या माणसाबद्दल असं असत्य बोलणं मला अधर्म वाटतं, मग ते बोलणारा कुणी एक माणूस नसून नमुना का असेना.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. साचा नसेल तर न्याय नसेल. ज्याची ओळख आहे त्याचं गाऱ्हाणं ऐकलं जाईल, ज्याला बोलता येतं त्याची गोष्ट मोठी होईल, आणि जी विधवा कचेरीत मान वर करत नाही तिच्या वाट्याला काही येणार नाही. सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारा कागद दुबळ्याचं रक्षण करतो. हे मला पूर्ण मान्य आहे. केसोबासांचा साचाही तेच करत होता: वचन आता कुणा एका आचार्याच्या आठवणीच्या मर्जीवर राहिलं नाही. पण या आक्षेपातून प्रश्न सारखे असावेत एवढंच सिद्ध होतं. ते प्रश्न पुरेसे आहेत हे त्यातून निघत नाही. सारखेपणा आणि योग्यता हे दोन वेगळे गुण आहेत. सगळ्यांसाठी सारखाच अंधार असलेली खोली समान असते, पण दिसण्याच्या दृष्टीने ती निकामीच राहते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: प्रत्येक गरजेसोबत तिची कहाणी जोडत बसलो तर शंभर पानांची फाइल हजारावर जाईल, कुणी वाचणार नाही. याला प्रकरणवशाचं उदाहरण पुरे. महानुभावांनी प्रसंग सूत्रात कोंबले नाहीत, सूत्र आखूडच ठेवलं. प्रसंग वेगळ्या जागी ठेवले आणि दोहोंमधला दुवा तुटू दिला नाही. वर्डच्या फाइलीतही तेवढंच हवं. गरजेचा क्रमांक तिच्यासोबत उतरला पाहिजे, आणि या प्रतीत कोणते रकाने गाळले आहेत ते पहिल्या पानावर लिहिलं पाहिजे. या एका ओळीने वाचणाऱ्याचा कोऱ्या जागेकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. तो विचारायला परत जातो.

तिसरा आक्षेप श्रद्धावंताचा, आणि तो मी हलका मानत नाही. परमेश्वरवचन स्वयंपूर्ण असतं, त्याला प्रसंगाची कुबडी कशाला? पण ज्यांनी सूत्र परमेश्वरवचन मानलं त्यांनीच प्रसंग जपले. आणि ज्या मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानला, म्हणजे ज्याला कुणी वक्ताच नाही असं म्हटलं, त्यांनीही नुसती विधिवाक्यं ठेवून बाकीची टाकून दिली नाहीत. विधी काय करायचं ते सांगतो, अर्थवाद त्याची महती सांगतो, आणि दोन्ही मिळून एकच वाक्य होतं, अशी त्यांची भूमिका होती. वचनाच्या पावित्र्याची एवढी चाड असणाऱ्यांना त्याच्या भोवतालचं बोलणं फालतू वाटलं नाही. वचन अपुरं असल्यामुळे त्यांनी हे जपलं असं मी म्हणत नाही. ऐकणारा अपुरा असतो, आणि त्याच्यासाठी ते जपावं लागतं.

तरी कुणी म्हणेल की नमुन्यात मोकळी जागा ठेवली की लबाडी शिरते. याचं उत्तर महसूल खात्याच्या स्वतःच्याच कागदात आहे. गाव नमुना सातमध्ये कब्जेदाराच्या नावाशिवाय इतर हक्कांची जागा आहे. कुणाचा बोजा, कुणाचा विहिरीतला हिस्सा, कुणाची वहिवाट, हे मालकीच्या मुख्य रकान्यात न बसणारं तिथे लिहितात. ती जागा आहे म्हणून सातबारा लबाडीचा कागद झाला नाही. तिथली नोंदही फेरफार होऊनच चढते, तिच्यावर हरकत घेता येते. या जागेचा गैरवापरही झाला आहे, हे लपवायचं कारण नाही. वारसा हक्क असलेल्या बहिणींची नावं कितीतरी गावांत मुख्य रकान्याऐवजी तिथेच बसवून ठेवली गेली. पण तिथे लिहिलेलं नाव घेऊन बहीण उद्या हक्क मागायला जाऊ शकते, आणि जिचं नाव कुठेच नाही तिला आधी आपण वारस आहोत हेच सिद्ध करावं लागतं. समितीच्या नमुन्यात अशी एक जागा हवी. घरी जाऊन चौकशी करणाऱ्याने कुटुंबाच्या तोंडून ऐकलेलं, ठरलेल्या कारणांत न बसणारं सगळं तिथे लिहावं, शेजाऱ्यांकडून आणि कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीवरून ताडून पाहावं, आणि तो मजकूर शेऱ्यासोबत वरपर्यंत जावा. त्यानंतरही समितीने अपात्र ठरवलं, तर तो निदान त्या घरातलं कर्ज पाहून दिलेला निकाल असेल.