संस्कृती आणि शेजार

‘समाज’ आणि ‘संस्कृती’ हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो आणि पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. समाजशास्त्र मात्र त्यांत भेद करते. समाज म्हणजे माणसामाणसांतील नात्यांची, हक्कांची आणि जबाबदाऱ्यांची वीण. संस्कृती म्हणजे त्या विणीला अर्थ देणारी भाषा, श्रद्धा, कला व चालीरीती. एडवर्ड टायलर या अभ्यासकाने १८७१ मध्ये संस्कृतीची जी व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा की, माणूस हे सर्व समाजाचा घटक म्हणून संपादन करतो. संस्कृती रक्तातून येत नाही, ती सहवासातून येते. मग सहवासच सुटला तर ती कोणाकडून शिकायची?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, खानावळवाल्या बाईकडे जेवत आणि पगार झाला की हिशोब चुकता करीत. धोबी तलाव-गिरगावच्या बाजूला गोव्यातील एकेका गावाची ‘कूड’ नावाची वसतिस्थाने होती. तेथे वेदीपुढे रोज पवित्र माळेची प्रार्थना होई आणि बोटीवर काम मिळेपर्यंत खलाशाला आसराही मिळे. प्रार्थना ही संस्कृती आणि आसरा हा समाज. दोन्ही एकाच छपराखाली नांदत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, माणसे पांगली आणि चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. त्या जुन्या दिवसांना सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. चाळीतही जातीपातीची कुंपणे होती, दारिद्र्य होते आणि स्त्रियांच्या कष्टांना अंत नव्हता. परंतु कोण आजारी आहे, हे तेथे विचारावे लागत नसे.

आपला आगेराही पाहा. एके काळी या बेटांवर भाताची खाचरे होती. ऑक्टोबरमध्ये ख्रिस्तमंदिरात आशीर्वादासाठी आणलेल्या लोंबीमागे लावणीला आणि कापणीला एकमेकांच्या शेतावर राबणारे हात होते. आज ती लोंबी दूरवरून आणावी लागते. तरीही आपण आगेरा साजरा करतो आणि तो करावाच, कारण आठवण हीदेखील कृतज्ञताच आहे. मात्र शेत गेल्यावर त्या राबणाऱ्या हातांचे काय झाले?

काही वर्षांपूर्वी परळजवळच्या एका इमारतीत मी एका वृद्ध भगिनीला रुग्णाभ्यंग देण्यासाठी गेलो होतो. भिंतीवर तिचा लुगड्यातील फोटो होता, मागच्याच आगेऱ्याच्या मिरवणुकीतला. घरात कोणी नव्हते, म्हणून मदतीसाठी शेजारचे दार ठोठावले. दार उघडणारे गृहस्थ आमच्याच धर्मग्रामातील निघाले. त्याच मिरवणुकीत तेही चालले होते. भिंतीपलीकडच्या बाईचे नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. त्या वर्षी मिरवणूक मोठी निघाली, याचेच समाधान मीही मानले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात संस्कृतीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. संस्कृतीवाचून माणूस खऱ्या अर्थाने माणूस होत नाही, हे तिने मान्य केले. त्याचबरोबर संस्कृती माणसाच्या आणि समाजाच्या कल्याणासाठी असावी, असेही बजावले. संस्कृती हे साधन आहे. साधनाचीच पूजा सुरू झाली की माणूस दुर्लक्षिला जातो.

शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, माझा शेजारी कोण? प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात जखमी माणसाची भाषा, त्याचे मंदिर आणि त्याचे सण ज्यांच्या ओळखीचे होते, ते दोघे बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी. ज्याची उपासनेची जागाही वेगळी होती. एका संस्कृतीचे असणे म्हणजे शेजारी असणे नव्हे, हा या दाखल्याचा कठोर धडा आहे. शेजारी व्हावे लागते आणि त्यासाठी वाट सोडून थांबावे लागते.

लुगडे, फुगे, उंबराचे पाणी, आगेरा हे सारे अवश्य जपू या. परंतु यंदा लोंबी हाती घेण्यापूर्वी आपल्या मजल्यावरील प्रत्येक दारामागे कोण राहते, एवढे तरी जाणून घेऊ या. ते दार ख्रिस्ती घराचे असो वा नसो. आशीर्वादित लोंबीतील चार दाणे त्या दारापर्यंत पोहोचले, तर आपली संस्कृती पुन्हा समाजाच्या मातीत रुजेल.