मिटलेली पाने

'याच्या नशिबातच नाही' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. घरात, मोहल्ल्यात आणि आम्हा शिक्षकांच्या खोलीतही. जे घडले नाही ते मुळात नव्हतेच, असे आपण धरून चालतो. हे कितपत खरे आहे?

गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांतल्या मूलपेशी पाहा. उंदराच्या अशा पेशी १९८१ मध्ये, माणसाच्या १९९८ मध्ये प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या. यातली पेशी हृदयाची, हाडाची, मेंदूची, कशाचीही होऊ शकते. पुढे एक यकृताची होते, दुसरी डोळ्याची. तरी दोघींतला जनुकांचा ग्रंथ एकच राहतो. फरक असतो तो कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले, एवढाच. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. धाग्यावर आणि प्रथिनांवर रासायनिक खुणा बसतात; त्या जनुकाला बोलते करतात किंवा गप्प बसवतात. मूलपेशीत तर कित्येक जनुकांवर 'चल' आणि 'थांब' या दोन्ही खुणा एकाच वेळी असतात.

मिटलेले पान पुन्हा उघडते का? जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून नवा जीव वाढवला. १९६२ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी अवघ्या चार जनुकांच्या मदतीने उंदराच्या घडलेल्या पेशींना मूलपेशींसारखे केले. २०१२ चे नोबेल दोघांना मिळाले. पाने फाटलेली नव्हती.

मग सगळीच पाने उघडी असावीत का? नाही. मूलपेशी तशाच शरीरात सोडल्या तर त्यांची गाठ होते. काही होण्यासाठी पुष्कळ काही न होणे भागच असते. म्हणून मर्यादा हा काही अन्याय नव्हे. प्रश्न एवढाच, की पान कोणी मिटले आणि कशासाठी?

पेशीवरून माणसाचा कायदा काढता येत नाही, हे मान्य. पण पेशीचे पान शरीराच्या गरजेने मिटते. सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीचे पान मात्र वडीलधारे मिटतात, गरिबी मिटते, कधी शिक्षकाचा एक शेरा मिटतो; आणि नाव पुढे केले जाते ते तकदीरीचे. पेशीला कोणी जाब विचारत नाही. आपल्याला विचारता येतो.