निष्ठा पगाराने विकत मिळते का?

‘हल्लीची मुले एका नोकरीत टिकत नाहीत’, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पूर्वी कारखान्यात चिकटलेला माणूस निवृत्त होऊनच बाहेर पडत असे. मग आजची पिढी बेइमान झाली असे म्हणायचे का?

जॉन मायर आणि नॅटली अ‍ॅलन या अभ्यासकांनी १९९१ साली नोकरीतील निष्ठेचे तीन प्रकार सांगितले. कुणी संस्थेविषयी आपुलकी वाटते म्हणून राहतो, कुणी सोडल्यास नुकसान होईल म्हणून, तर कुणी राहणे हे कर्तव्य मानतो. हजेरीपटावर तिघेही सारखेच दिसतात!

यातला कोणता धागा बळकट होतो, हे बरेचसे त्या त्या समाजावर अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील मोठ्या कंपन्यांनी जन्मभराच्या नोकरीची हमी दिली, सेवेच्या वर्षांनुसार पगार वाढवला. कामगारांनीही कंपनीला कुटुंब मानले. मात्र या कर्तव्यभावनेचा अतिरेकही झाला. अतिकामाने ओढवणाऱ्या मृत्यूला तेथे ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. अखेर २०१८ साली जादा कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. जर्मनीने वेगळी वाट धरली. १९७६च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात.

दोन्हीकडे निष्ठेच्या बदल्यात काही दिले गेले: एकीकडे सुरक्षितता, दुसरीकडे अधिकार. ज्याला काही महिन्यांच्या कंत्राटावर ठेवले जाते, त्याच्याकडून जन्मभराची निष्ठा कोणत्या तोंडाने मागायची? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१च्या श्रमविषयक परिपत्रकात हेच शिकवले की, काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे.

मग मालक अन्याय करीत असेल, तर कामचुकारपणा क्षम्य ठरतो का? नाही. कंपनीवरची निष्ठा आणि कामातला प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिचारिकेला रुग्णालय सोडण्याचा हक्क आहे. पण तेथे असेपर्यंत रुग्णाची हेळसांड करण्याचा नाही. कारण ते देणे मालकाचे नसून रुग्णाचे आहे.

आणि आपणही कुणाचे तरी मालक असतोच. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी एकही खाडा करू नये, असे आपल्याला वाटते. त्यांना आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार आपण देतो का? निष्ठेची अपेक्षा करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्याच घरात शोधू या.