चर्चच्या भिंतीतला पिंपळ

वसईच्या किल्ल्यात श्रमदानाला येणाऱ्यांना कशाचंच वावडं नसतं. दारूच्या बाटल्या उचलतील, चिखलातून घमेली वाहतील, घाणेरीची जाळी ओढून काढतील. पिंपळाचं वीतभर रोप दिसलं की मात्र कोयता थबकतो. "काकू, हे तुम्हीच बघा." मी कीर्तनकाराची लेक, तेव्हा पाप-पुण्याचा हिशेब मला ठाऊक असणार, असा सगळ्यांचा समज.

पावसाळा सरला की किल्ल्यातल्या पायवाटा गवतात बुडालेल्या असतात. त्या मोकळ्या करणं, पायऱ्या दिसतील एवढ्या साफ करणं, हे आमचं काम. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे परवानगी घेऊनच आत कोयता चालतो. भिंतीत मुरलेल्या झाडाला तर हातच लावायचा नाही. ओढलं तर मुळाबरोबर दगडही निखळतो. आमच्या वाट्याला येतात ती वाटेकडेच्या सांध्यांतली कोवळी रोपं. पिंपळाची फळं खाऊन पाखरं तटावर बसतात, त्यांच्या विष्ठेतलं बी चुन्याच्या फटीत पडतं. त्याला माती लागत नाही, ओल पुरते. मूळ आधी सुतासारखं बारीक असतं, फट शोधत आत जातं, आणि जाड होता होता दोन दगडांना एकमेकांपासून लांब सारतं. किल्ल्यातल्या छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंतींची खरी वैरी तोफ नव्हे, ही मुळं.

पोर्तुगीजांनी 1536 पासून हा किल्ला बांधायला घेतला आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतल्या काही भीमाशंकरला, मेणवलीला आजही शंकरापुढे टांगलेल्या आहेत. एका देवाघरची वस्तू दुसऱ्या देवाघरी जाणं आपल्याला नवं नाही. पण त्यात विजय होता, मिरवणूक होती. इथे आपल्या देवाचं झाड कापायचं, तेही दुसऱ्याच्या ओसाड देवघराची भिंत राहावी म्हणून. मिरवण्यासारखं काही नाही.

आमच्यात पापडी गावाकडचा एक ख्रिस्ती मुलगा आहे. त्या पडक्या चर्चमध्ये शिरताना तो क्रूसाची खूण करतो, मी चपला काढते. "काकू, काटे आहेत. आणि आमच्याकडे चपला चालतात," तो सांगतो. तरी मी काढतेच. माझी सवय माझी, त्याची त्याची. "सगळे देव एकच" म्हणणाऱ्यांचा मला जरा कंटाळाच येतो. तसं असतं तर एका रोपासमोर एवढी माणसं खोळंबून राहिली नसती.

गीतेतच बघा. दहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की झाडांमध्ये अश्वत्थ तो मी. पंधराव्यात तोच अश्वत्थ संसाराचं रूप घेऊन येतो, वर मुळं, खाली फांद्या, आणि तो असंगाच्या, म्हणजे अनासक्तीच्या, शस्त्रानं तोडायला सांगितला जातो. ज्ञानेश्वरांनी या झाडावर पुष्कळ ओव्या खर्चल्या आहेत. झाड मुळातच खोटं, म्हणून ते ज्ञानानं तुटतं, असं त्यांचं सांगणं. किल्ल्यातला पिंपळ मात्र खोटा नाही. पानांच्या कोवळ्या लालसर टोकांसकट खरा आहे, आणि तुटतो तो लोखंडानं.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्यावर राहणाऱ्या भूतांना नैवेद्य दाखवून दुसरीकडे जाण्याची विनंती करायला सांगितलं आहे. मला ही रीत आवडते. पण त्या विनंतीनं तोडणाऱ्याचं मन हलकं होतं, झाडाला तिचा काय उपयोग? मग असंग म्हणजे नेमकं कशापासून सुटणं? मला वाटतं, आपले हात स्वच्छ राहिले पाहिजेत या हट्टापासून. "मला पाप नको" म्हणून मागे सरणारा माणूस रोप वाचवत नाही, दगडही वाचवत नाही. तो फक्त कोयता पुढच्याच्या हातात देतो, आणि पुढचा बहुधा गरीब मजूर असतो, रोजावर आलेला, ज्याला नाही म्हणायची सोय नसते. पाप असेल तर ते असं खाली ढकलल्यानं नाहीसं होत नाही. मला लागायचं असेल तर लागू दे. माझे वडील असते तर त्यांनी यावर तासभर निरूपण केलं असतं आणि शेवटी कदाचित मलाच गप्प केलं असतं.

रोप मुळासकट सुटलं तर आम्ही ते दुधाच्या पिशवीत मातीत खोचतो. मग खरी गंमत सुरू होते. कापू नका म्हणून हळहळणाऱ्या बायकांना विचारावं, तर घराजवळ पिंपळ नको म्हणतात. सोसायटीवाल्यांना पाइप फुटायची भीती. एक पिशवी त्या पापडीच्या मुलानं नेली. त्याच्या आईची हरकत एवढीच, की केळीवर सावली पडेल. म्हणून त्यानं ते रोप वाडीपासून लांब, बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाला लावलं. बाकीची माझ्या गॅलरीत आहेत. कुणाला हवी असतील तर घेऊन जा, पिशव्या फाटायला आल्यात.