मागण्याचा अधिकार

ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोंकावरील लँड्स एंडपासून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत रस्त्यानें सुमारें १,४०० किलोमीटर अंतर पडतें. दरवर्षीं अनेक हौशी सायकलस्वार हा पल्ला गांठतात, आणि त्यांतील कित्येकजण त्या निमित्तानें परोपकारी कार्यासाठीं वर्गणी जमवितात. असल्या प्रवासांतून परदेशांतील अनाथ मुलांसाठींहि पैसा उभा राहतो. येथें एक शंका सहज येते. सायकलीचें चाक फिरल्यानें दूरदेशींच्या मुलाची भूक शमत नाहीं. ज्याला द्यावयाचें आहे त्यानें घरीं बसून द्यावें. मध्यें हा देहदंड कशाला?

ही शंका दिसते तितकी बळकट नाहीं. दात्यानें त्या अनाथाला कधीं पाहिलेलें नसतें. तो ओळखतो मागणाऱ्याला. ओळखीचा मनुष्य पावसांत भिजत, चढावर धापा टाकीत दिवसामागून दिवस पुढें जातो, तेव्हां त्याच्या शब्दाला त्याचें शरीर तारण राहतें. कष्टानें मागण्याचा अधिकार प्राप्त होतो, हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु मागण्याचा अधिकार निराळा आणि मुलाला काय हवें हें ठरविण्याचा अधिकार निराळा. श्रमलेल्या माणसाला आपल्या श्रमाचें फळ डोळ्यांनीं पाहावेंसें वाटतें. एखादी इमारत, दारावरची पाटी, मुलांच्या घोळक्यांतील छायाचित्र यांनीं त्याचें समाधान होतें. मुलाचेंहि होतें काय?

रुमानियाचा अनुभव येथें विचारांत घेण्यासारखा आहे. १९६६ सालीं चाउशेस्कूच्या राजवटीनें गर्भपातावर जवळजवळ सरसकट बंदी घातली. पुढें दारिद्र्यामुळें असंख्य मुलें सरकारी संस्थांत येऊन पडलीं. डिसेंबर १९८९ मध्यें ती राजवट कोसळली तेव्हां अशा मुलांची संख्या एक लाखाहून अधिक होती. जग त्यांना अनाथ म्हणत असलें, तरी त्यांतील बहुतेकांचे आईबाप हयात होते. युरोपांतून अन्न, कपडे, औषधें घेऊन गाड्या धांवल्या, आणि तें योग्यच झालें. पुढें अमेरिकन संशोधकांनीं बुखारेस्टच्या संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्या त्या रीतीनें निवडून निम्मीं मुलें त्यांनीं कुटुंबांत पोसावयास दिलीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धि अधिक वाढली. आणि जें मूल जितक्या लहानपणीं गेलें, तितका त्याला लाभ अधिक. खाट आणि जेवण संस्थेंतहि होतें. नव्हतें तें एवढेंच, कीं रात्रीं रडणें ऐकून तेंच ओळखीचें माणूस उठून येईल.

सायकलस्वाराच्या वाटेला शेवट असतो. तो टोंकाला पोंचतो, खालीं उतरतो, टाळ्या होतात. मुलाच्या गरजेला असें टोंक नाहीं. गरीब आईला मूल जवळ ठेवतां यावें, किंवा एखाद्या आजीला नातवंड सांभाळतां यावें, म्हणून महिन्यामागून महिना द्यावयाचा पैसा छायाचित्रांत दिसत नाहीं. त्यावर कोणाच्या नांवाची पाटीहि लागत नाहीं. आपला घाम अशा ठिकाणीं खर्च होऊं देणें, हा त्या प्रवासांतील सर्वांत अवघड चढ होय. तो चढण्यास वर्गणीदारहि मदत करूं शकतो. किती मैल झाले हें त्यानें अवश्य विचारावें; पण पैसे कोणाच्या घरीं पोंचले, आणि पुढच्या वर्षींहि पोंचणार काय, हें विचारल्याशिवाय राहूं नये.